टेककाका

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दुपारी दोन ते चार मिक्सर लावायला बंदी आहे. सोसायटीच्या ठरावांच्या वहीत हा नियम सापडणार नाही. टेककाकांनी घरोघर फिरून, प्रत्येक घरी अर्धा कप चहा पिऊन तो मंजूर करून घेतलाय. त्या वेळात ते भीमपलासातली एक बंदिश रेकॉर्ड करतात. कधीपासून, ते विचारायचं नाही. स्थायी होत आलीय. अंतऱ्याला अजून हात लागलेला नाही. भिंतीपलीकडून दर पाच मिनिटांनी "हं, अजून एक टेक" असं ऐकत मोठी झालेली पोरं त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणार?

काका बँकेत कॅशियर होते. हे सांगितल्याशिवाय त्यांचं गाणं समजत नाही. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला. दहा रुपये कमी पडले तर कॅशियरने पदरचे भरायचे. दहा जास्त निघाले तर ते सस्पेन्स खात्यात टाकायचे आणि रात्रभर छताकडे बघत पडायचं. काका म्हणतात, कमी पडलेल्याचं दुःख दहा रुपयांचं असतं, जास्त निघालेल्याला मोजमाप नाही, कारण ते कुणाचे ते कळत नाही.

बँकेत संगणक आले तेव्हा बाकीचे लोक की-बोर्डला विंचवासारखे भीत होते. काका क्लास लावून फॉक्सप्रो शिकले आणि त्यांनी स्टाफ सोसायटीच्या कर्जावरच्या व्याजाचा प्रोग्रॅम लिहून टाकला. पैसा न् पैसा जुळायचा. पेटी वाजवायला ते लहानपणीच शिकले होते. निवृत्तीनंतर या दोन गोष्टी एका खोलीत आल्या आणि काकूंचं लाकडी कपाट गेलं.

गेलं म्हणजे तिथेच आहे, पण दोन ते चार ते उघडता येत नाही, कारण ते आधीच उघडलेलं असतं. साड्यांमध्ये आवाज मुरतो, घुमत नाही, म्हणून काका दोन्ही दारं उघडून काकूंच्या इरकलींकडे तोंड करून गातात. त्याआधी भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावून झाले होते. ट्रेमुळे खोलीतला घुमारा जरा कमी झाला, बाहेरचं कुत्रं मात्र पूर्वीइतकंच स्वच्छ आत येत राहिलं. शिवाय शाकाहारी घरात इतके ट्रे आले कुठून, याची चौकशी जिन्यात बरेच दिवस चालली.

पाहुणा आला की काका त्याला आधी पाणी देतात आणि मग 44,100 हा आकडा देतात. सीडी 1982 साली बाजारात आली, तिच्यात सेकंदाभराच्या आवाजाची 44,100 मापं असतात. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं घेतली की काम भागतं, हे ठीक. पण नेमका हाच आकडा का? इथे काका पाहुण्याच्या हातात कॅल्क्युलेटर ठेवतात. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. अमेरिका-जपानकडच्या पद्धतीत एका रेषेवर तीन मापं, उपयोगी रेषा 245, सेकंदाला 60 वेळा. "करा गुणाकार." पाहुणा करतो. "आता युरोपची पद्धत. तीन, 294, आणि 50." पाहुणा तोही करतो. दोन्हीकडून 44,100 आले की काकांचा चेहरा बघावा. दोन शाखांची वह्या-खाती एका फटक्यात जुळल्याचा आनंद तो. गाणं ऐकताना तो चेहरा मी फारसा पाहिलेला नाही. काकांना गाण्यापेक्षा गाणं जुळण्यात जास्त रस आहे, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, "दोन्हीत फरक काय?"

वरच्या मजल्यावर बुवा राहतात. वय ऐंशीच्या घरात, गाण्याच्या शिकवण्या, कानात केस आणि त्या केसांमागे असा कान की काकांचं सगळं सामान त्याच्यापुढे फिकं. एकदा काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये बारीकसा घूं आवाज यायला लागला. वायरी बदलल्या, प्लग बदलले, फ्रिज बंद केला (तो पुन्हा सुरू करायचं राहिलं, त्यावर काकूंनी जे सुनावलं तेही टेकमध्ये आलंय), तरी घूं चालूच. शेवटी बुवांना खाली बोलावून हेडफोन चढवला. बुवांनी डोळे मिटले.

"पांढरी पाच आहे बघा. खालची. जराशी चढी."

काकांनी आलेख काढला. घूं 50 हर्ट्झचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचाच. आणि त्या सप्तकातली पांढरी पाच 49ची. काका स्क्रीनकडे बघत राहिले. बुवा म्हणाले, "वीज मंडळाला सांगा, थोडं उतरवून घ्या म्हणावं," आणि वर निघून गेले.

दुसरं प्रकरण उशिराचं. आपण गायलेलं संगणकातून फिरून आपल्याच कानात यायला वेळ लागतो. 512 मापांचा साठा धरला तर निदान साडेअकरा मिलिसेकंद. तेवढ्यात हवेतला आवाज सुमारे चार मीटर जातो. काका कळवळून काकूंना सांगत होते, "म्हणजे बघ, मी इथं गातोय आणि ऐकतोय मात्र तुझ्या ओट्यापाशी उभा राहून." काकू कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, "मग कळलं ना आता, मी रोज काय ऐकते ते."

ऑटोट्यूनही आणून झालं. जमिनीतलं तेल शोधायला भूकंपलहरींचं गणित करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँडने ते तंत्र 1997 साली गायकांच्या सुरावर लावलं. काकांनी ते स्वतःच्या स्थायीवर चालवलं. प्रत्येक स्वर नेमक्या जागी बसला, आणि निषादावरून षड्जावर जाणारी मींड पायऱ्या पायऱ्यांनी चढली. बुवांनी ऐकलं आणि तेलाची हकिगतही ऐकली. "निघालं की तेल. बंदिशीचं."

काकांची बाजू घ्यायची तर सांगलीत हा आजार जुना आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर असेच तारा ताणून श्रुती मोजत होते. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1910 साली निघालं, आणि क्लेमेंट्स या गोऱ्या अधिकाऱ्याच्या जोडीने त्यांनी श्रुतींची पेटीही करवून घेतली. सप्रयोग गाऊन दाखवायला कोण, तर अब्दुल करीम खाँसाहेब! काका हे सांगताना "निवृत्त" या शब्दावर जोर देतात. मला मात्र पलीकडच्या टोकाचे खाँसाहेब आठवतात. त्यांना तबकडीची एक बाजू मिळायची, तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात आलाप, बोल, तान, सगळं. चुकलं तर मेण फुकट जायचं. काकांच्या हाताशी चुकलेलं पुसायचं बटण आहे, आणि ते बटण आहे तोवर अंतरा सुरू होईल असं मला वाटत नाही.

काकांनी पुरी केलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांचा तंबोरा. ती प्रोग्रॅम म्हणून लिहिली म्हणूनच पुरी झाली असावी.

रेकॉर्डिंगला तंबोरा लागायचा. बाजारातल्या यंत्रांचा आवाज पटेना, म्हणून स्वतःच लिहायला बसले. युक्ती स्टॅनफर्डच्या कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी 1983 साली प्रसिद्ध केलेली, आणि ती इतकी सोपी आहे की मलासुद्धा कळली. वाटेल ते आकडे एका रांगेत उभे करायचे. पहिला आकडा स्पीकरला द्यायचा, त्याची आणि त्याच्या मागच्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेपटाला उभी करायची. असं सेकंदाला 44,100 वेळा. पहिल्या क्षणाची खरखर निवळते आणि छेडलेली तार वाजू लागते. रांग लांब असेल तर स्वर खालचा, आखूड तर वरचा. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे सुमारे 138.6 हर्ट्झ. 44,100ला त्याने भागलं की 318 येतात आणि वर थोडी चिल्लर उरते.

तार वाजली, पण गिटारसारखी. जवारी नव्हती. सी. व्ही. रामन यांनी 1921 सालीच लिहून ठेवलंय की तंबोऱ्याची तार घोडीच्या वळणदार माथ्याला घासत सुटते, त्यामुळे नियमाप्रमाणे उमटायला नकोत असे उपस्वरही उमटतात. काकांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने मिरज गाठली. मीही गेलो. तिथल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणारी घरं आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एक कारागीर पंढरपूरकडचा भला मोठा भोपळा पायाशी घेऊन, घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसला होता. दोरा केसभर पुढे, तार मुकी. केसभर मागे, आणि सगळी खोली झणाणली.

काकांनी खिशातून फूटपट्टी काढली. "किती मिलिमीटरवर धरलात हो?"

कारागिराने वर पाहिलं. "लागतंय तिथं."

काकांनी वहीत लिहिलं: लागतंय तिथं. खाली कंसात: मोजणे बाकी.

पावसाळा संपता संपता तंबोरा तयार झाला. पंचम, दोन जोडाच्या तारा, खर्ज. तासाभराची फाइल करून काकांनी ती बुवांच्या मोबाइलवर चढवली. पहिले दोन दिवस बुवांनी काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला वरून तोच तंबोरा ऐकू यायला लागला आणि त्यावर बुवांचा खर्ज. बुवांच्या दोन शिष्यांनीही फाइल मागून नेली. काकांना इतकं खुशीत मी 44,100च्या खालोखाल तेव्हाच पाहिलं.

पण कॅशियर तो कॅशियर. प्रोग्रॅम पुन्हा तपासताना त्यांना आढळलं की जोडाच्या दोन्ही तारा सारख्या नाहीत. एकीच्या वेळी वरची चिल्लर सोडून दिली होती, दुसरीच्या वेळी तिचा पुरा एक धरला होता. पहिल्या तारेत 318 आकडे, दुसरीत 319. एक जास्त! रात्री अकराला त्यांनी माझी बेल वाजवली. चेहरा पडलेला. "इतके दिवस चुकीचा माल दिला हो बुवांना." त्याच रात्री दोन्हीकडे 318 केले, नवी फाइल बनवली, सकाळी बुवांच्या मोबाइलवर घातली आणि जुनी पुसून टाकली.

संध्याकाळी बुवा खाली उतरले.

"अहो कॅशियरसाहेब, हा मेलाय की."

"उलट आत्ता बरोबर झालाय, बुवा. आधी एका तारेत एक आकडा जास्त होता. आता दोन्ही तारा अगदी तंतोतंत आहेत."

"तेच म्हणतोय मी. जोडाच्या दोन तारा होत्या, आता एकच ऐकू येतीय. दुसरी कुठं घातलीत?"

काका खुर्चीवर बसले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे काही कमी भरलं, असा हा पहिला आरोप. आणि तो खरा होता. एका आकड्याच्या फरकामुळे दोन तारांत अर्ध्या हर्ट्झहूनही कमी अंतर पडत होतं. सव्वादोन-अडीच सेकंदांनी आवाज भरून यायचा आणि पुन्हा ओसरायचा. बुवा त्या भरण्या-ओसरण्यावर षड्ज लावत होते. एक जास्तीचा आकडा काढल्याबरोबर अख्खी तार नाहीशी झाली. हिशेबाच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नाही.

काकांनी तडजोड सुचवली. स्क्रीनवर एक सरकपट्टी देतो, शून्य ते दहा, बुवांनी हवा तेवढा फरक ठेवावा. "आणि तो ठेवायला मला चष्मा लावायला लावणार पहाटे पाचला? जुना द्या."

"जुना चुकीचा आहे, बुवा."

"असू दे. मी गातो त्याच्यासंगं, तुम्ही नका गाऊ."

जुना दिला. मला काकांनी मुद्दाम बोलावून प्रोग्रॅममधली ती ओळ दाखवली. 319पुढे त्यांनी शेरा मारलाय: एक जास्त, सस्पेन्स खाती. खुलासा प्रलंबित.

सस्पेन्समधली नोंद फार दिवस पडून राहिली तर ऑडिटर विचारतो, म्हणून काका दर तिमाहीला ती उघडतात. 319च्या जागी 318 टाकतात, पहाटे पाचपर्यंत जागे राहतात, वरून आवाज सुरू झाला की 318 खोडून परत 319 करतात आणि शेऱ्याखाली नवी तारीख घालतात.