तालमीचं तिकीट

शिकागोत मार्च महिन्याला वसंत म्हणतात ते केवळ कॅलेंडरचा मान राखण्यासाठी. गॅरेजसमोरचा बर्फ काळा पडलेला असतो, पण हललेला नसतो. दोन थंड्यांच्या मधली उघडीप ओळखायला शिकण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. अशा वेळी, आपला लाडका बेसबॉल संघ ॲरिझोनाच्या उन्हात घाम गाळतोय, एवढी बातमी विमानाचं तिकीट काढायला पुरते.

"पण या मॅचेसचा निकाल कुठं धरतच नाहीत ना?" हिनं विचारलं.

"नाही धरत."

"मग बघायचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मात्र फिनिक्सजवळ चँडलरला माझे साडू राहतात, त्यामुळे हॉटेलचा खर्च वाचणार होता. आमच्या घरात तत्त्वाच्या प्रश्नांना हिशेबाची उत्तरं चालतात.

अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. हे ऐकून क्रिकेटवाल्यालाही दम लागतो. त्याआधीचे सहाएक आठवडे सराव. १५ संघ फ्लोरिडात, १५ ॲरिझोनात. ॲरिझोनातले सगळेच्या सगळे फिनिक्सच्या आसपास, १० मैदानांवर. सकाळी एक संघ बघा, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. पंच असतात, राष्ट्रगीत होतं, धावफलक असतो, पार्किंगचे पैसेही रीतसर घेतात. फक्त निकाल कुठल्याच वहीत चढत नाही. नाटकाच्या तालमीला तिकीट लावावं, रसिकांनी ते रांगेत उभं राहून काढावं आणि नायकानं दुसऱ्या अंकाआधी मेकअप उतरवून घरी निघून जावं, असा हा प्रकार.

साडूंना तो अजिबात पटला नाही. ते दादरचे. तरुणपणी पावसाळ्यातल्या क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये बारावे खेळाडू होते, म्हणजे पाऊस त्यांनी इतरांइतकाच खाल्ला, बॅटिंग तेवढी कुणी दिली नाही. विमानतळावर बॅग उचलता उचलता ते म्हणाले, "शिवाजी पार्कावर नेट प्रॅक्टिस फुकट दिसते हो. वर कठड्यावर बसायला मिळतं."

आमचा शिकागोचा कब्स संघ मेसाला सराव करतो. चँडलरहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. वाटेत दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग उभे. या झाडाला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. आमच्या संघानं १९०८ नंतरची अजिंक्यपदाची पहिली फांदी २०१६ मध्ये फोडली, मधली १०८ वर्षं पुढच्या वर्षी बघू म्हणत काढली. तेव्हा सरावासाठी जागा अगदी शोभेशी निवडली आहे.

गाडीत मी साडूंना इतिहास ऐकवला. गाडी ते चालवत होते, त्यामुळे त्यांना उठून जाता येत नव्हतं. फ्लोरिडातल्या सराव सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात. १९१५ साली डेटोना बीचवर ब्रुकलिनचे व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन यांनी पैज घेतली, की विमानातून टाकलेला चेंडू मी झेलून दाखवीन. विमान चालवत होती रूथ लॉ नावाची धाडसी बाई. तिनं वरून चेंडूऐवजी ग्रेपफ्रूट सोडलं. ते रॉबिन्सन यांच्या छातीवर फुटलं, अंगभर रस उडाला आणि हे आपलंच रक्त अशी समजूत होऊन ते मदतीसाठी ओरडत सुटले. लीगचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

साडू गंभीरपणे म्हणाले, "एवढं चांगलं फळ फुकट गेलं."

ॲरिझोनातली ती कॅक्टस लीग. १९४७ मध्ये क्लीव्हलंडचे मालक बिल व्हेक यांनी आपला संघ टूसॉनला आणला आणि न्यू यॉर्कच्या जायंट्सना फिनिक्सला यायला राजी केलं. त्याच वर्षी व्हेक यांनी लॅरी डोबी या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतलं. पण १९४८ च्या सरावाला टूसॉनमध्ये संघाच्या हॉटेलानं डोबीला खोली दिली नाही. हे ऐकल्यावर साडू पुढचे दोन सिग्नल काही बोलले नाहीत. कब्स मेसाला पहिल्यांदा आले १९५२ मध्ये. त्याआधी त्यांचा सराव कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या कॅटलिना बेटावर चाले, कारण संघाचे मालक रिग्ली हे च्युइंगगमवाले होते आणि बेटही त्यांचंच होतं.

"च्युइंगगम विकून बेट?" साडूंनी गाडीचा वेग कमी केला. "आपण इंजिनिअरिंग कशाला केलं?"

खरा आनंद सकाळी मागच्या मैदानांवर असतो. मुख्य स्टेडियमच्या पाठीमागे सरावाची मैदानं आहेत. तिथं तुम्ही आणि चेंडू फेकणारा पिचर यांच्यामध्ये फक्त एक जाळी. टीव्हीवर दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू नुसता आकडा असतो. इथं तो कॅचरच्या हातमोज्यात जाऊन आदळला की आपण आपसूक एक पाऊल मागे सरतो. पिचरच्या जागेपासून फलंदाजापर्यंतचं अंतर साठ फूट सहा इंच, क्रिकेटच्या खेळपट्टीहून कमी. मध्ये टप्पा पडत नाही आणि विचार करायला सवडही मिळत नाही. पिचर आणि कॅचर फेब्रुवारीच्या मध्यालाच येतात, बाकीचे मागाहून. खांदा हळूहळू तापवावा लागतो म्हणून. साडूंनी बराच वेळ जाळीला नाक लावून निरीक्षण केलं आणि निर्णय दिला, "हात वाकतोय. आपल्याकडे नो-बॉल दिला असता."

सराव बघायला पैसे पडले नाहीत, हे कळल्यावर मात्र त्यांचं या खेळाबद्दलचं मत किंचित सुधारलं.

दुपारचा सामना स्लोन पार्कमध्ये. २०१४ साली बांधलेलं पंधरा हजारांचं हे मैदान शिकागोकरांना परकं वाटू नये म्हणून बाहेर कब्सच्या शिकागोतल्या रिग्ली फील्ड या मैदानाच्या पाटीची प्रतिकृती उभी केली आहे. तिच्यापुढे उभं राहून फोटो काढणारे सगळे जण शिकागोचेच होते. खरी पाटी घरापासून तासाभरावर सोडून खोटीपुढे फोटो काढायला ते विमानानं आले होते. मीही काढला.

मेहुणीनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही पार्किंगमध्येच उभ्याउभ्या संपवल्या आणि आत शिरलो. आमचं तिकीट खुर्चीचं नव्हतं, सीमेपलीकडच्या गवताच्या उताराचं होतं. तिथं लोक चादरी पसरून आडवे झालेले. साडूंनी घरून सतरंजी आणली होती. ती पसरताच शेजारच्या तीन कुटुंबांनी विचारलं, कुठं मिळते ही.

पुढच्या बाजूला एक वयस्कर जोडपं होतं. थंडी पडली की इलिनॉय सोडून ॲरिझोनाला येणाऱ्यांपैकी. आजोबांच्या मांडीवर स्कोअरबुक, कानामागे पेन्सिल. बेसबॉलची स्कोअरिंग ही एक साधना आहे. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो आणि ६-४-३ असं लिहिलं की जाणकाराला कुणी चेंडू उचलला, कुणाकडे दिला आणि कोण कोण बाद झालं ते कळतं. पण सराव सामन्यात या साधनेची परीक्षाच असते. नामांकित खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करतात, चार-पाच डाव झाले की आंघोळ करून गाडीत बसतात. त्यांच्या जागी येतात ८४, ९१, ९६ अशा नंबरांची पोरं. काहींच्या पाठीवर नावसुद्धा नसतं. सहाव्या डावापर्यंत आजोबांचा खोडरबर निम्मा झाला. आजी म्हणाल्या, "सोडून द्या." ते म्हणाले, "आता सोडलं तर हिशेब कसा लागेल?" या वाक्यानं साडूंच्या मनात त्यांच्याबद्दल आदर निर्माण झाला.

नियमही इथं एरवीपेक्षा सैल असतात. सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघ घरी जातात, जादा डाव वगैरे भानगड नाही. २०२१ च्या सरावात तर पिचर दमला असं वाटलं तर तिघं बाद व्हायच्या आतच डाव आटोपता घेण्याची मुभा होती. मात्र २०२३ पासून पिचरवर घड्याळ लागलंय. बेसवर कुणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, आणि आठ सेकंद उरेपर्यंत फलंदाजानं तयार असायचं. त्या फेब्रुवारीत फ्लोरिडातला अटलांटा-बॉस्टन सामना ६-६ असा बरोबरीत होता. शेवटचा डाव, तिन्ही बेस भरलेले, दोघं बाद. फलंदाज वेळेत तयार नव्हता म्हणून पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला, तो बाद झाला आणि सामनाच संपला.

"म्हणजे घड्याळानं विकेट घेतली," साडू म्हणाले. "लग्नाच्या मुहूर्ताला हे घड्याळ लावा."

मध्येच एक फाउल बॉल प्रेक्षकांत गेला. एका पोरानं तो पकडला आणि खिशात घातला.

साडू उठून बसले. "अहो, परत देत नाही तो!"

"इथं देत नाहीत. ज्याला मिळाला त्याचा."

"सरळ चोरी आहे ही. एकेका बॉलसाठी आम्ही गटारात हात घातलेत."

ज्या देशात चेंडू हरवला तरी खेळ थांबत नाही तिथं खेळाची किंमत काय कळणार, अशा अर्थाचं ते बरंच बोलले आणि टोपी तोंडावर ओढून झोपले.

सातव्या डावात पाहुण्या संघाच्या फलंदाजानं उंच फटका मारला. चेंडू आमच्या उतारावर पडला, दोन चादरी ओलांडून आला आणि सतरंजीवर साडूंच्या कुशीला टेकला. आजूबाजूला ओरडा झाला. साडू दचकून उठले, चेंडू हातात घेतला, आणि काय चाललंय हे ध्यानात येण्याआधी त्यांच्यातला कांगा लीगचा बारावा खेळाडू जागा झाला. "ए, बॉल!" असं मराठीत ओरडून त्यांनी तो खांद्यातून थेट मैदानातल्या क्षेत्ररक्षकाकडे भिरकावला.

क्षणभर मला वाटलं, आता लोक यांना मारतात. पण सगळा उतार उभा राहून टाळ्या वाजवू लागला. कब्सच्या घरच्या मैदानात जुनी रीत आहे: शत्रूनं सीमेपार मारलेला होम रनचा चेंडू पदरात पडला तर तो ठेवून घ्यायचा नाही, तुच्छतेनं मैदानात परत फेकायचा. साडूंनी नकळत शिकागोचं व्रत पाळलं होतं. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवून हात मिळवला. एका अनोळखी गृहस्थानं लिंबूसरबत आणून दिलं. "किती वर्षांपासून कब्सचे चाहते आहात?" त्यानं विचारलं. साडूंनी शांतपणे सांगितलं, "लहानपणापासून." शिकागोत बर्फ उपसून केलेली माझी निष्ठा बाजूला राहिली. त्या उतारावर मी उरलो साडूंना गाडीतून घेऊन आलेला माणूस. प्रत्यक्षात गाडीही त्यांचीच होती.

मग काय, दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, ओहतानी बघू या. ग्लेनडेलच्या कॅमलबॅक रँचवर डॉजर्सचा सराव चालतो. त्यांचा जपानी तारा शोहेई ओहतानी तिथं असला की निम्मं जपान कॅमेरे घेऊन हजर असतं. त्यानं बॅटिंग केली, तो आत गेला आणि त्याच्यामागोमाग बरीचशी गर्दीही उठली. डॉजर्सनी त्याच्याशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलर्सचा करार केलाय, त्यातले ६८ कोटी तो २०३४ पासून पुढे घेणार आहे, हे मी सांगितलं.

"म्हणजे पीपीएफ," साडू खूश झाले. "व्याज काय धरलंय?"

"बिनव्याजी."

बाद झालेल्या फलंदाजासाठी हळहळावं तसे ते हळहळले. परतीच्या वाटेवर दुसरा विषय नव्हता.

पण त्या दिवशी गर्दी उठल्यावर आम्ही बसून राहिलो, आणि हिच्या 'मग बघायचं काय?' या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. एका संघाच्या शिबिरात साठ-सत्तर खेळाडू असतात आणि मुख्य संघात जागा २६. बाकीच्यांना एकेक करून साहेब खोलीत बोलावतात आणि खालच्या श्रेणीत धाडतात. जो सामना कोट्यधीशांसाठी हातपाय मोकळे करण्याचा असतो, तोच नव्वद नंबरच्या पोरासाठी नोकरीचा इंटरव्ह्यू असतो. स्टेडियम रिकामं, स्कोअर कुणाला पाठ नाही, आणि हा हरलेल्या डावात, जाणाऱ्या चेंडूमागे मातीत छातीवर झेप घेतोय. साडूंनी त्याच्यासाठी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. बारावा खेळाडू बारावा खेळाडू ओळखतो.

तेव्हा माझं मत असं, की बेसबॉल बघायचा तर ऑक्टोबरच्या अंतिम सामन्याच्या आधी मार्चमधला हा बिननिकालाचा बघावा. टोपी, सनस्क्रीन आणि सतरंजी न्यावी. स्कोअर विचारू नये, लोक ओशाळतात. फिनिक्सला मुलांकडे येणाऱ्या मराठी आईवडिलांना सगळे आधी ग्रँड कॅनियनला नेतात. जरूर जा, पण घाई करू नका. ग्रँड कॅनियन पुढच्या मार्चमध्येही तिथंच असेल. नव्वद नंबरचा पोरगा असेलच याची खात्री नाही.