सुटी त्यांची, पोळ्या आपल्या

"गेले का वो पाहुणे?"

"गेले बाप्पा एकदाचे. काल सकाळी अजनीवर सोडून आले हे. डब्यात सांबारवड्या दिल्या, पिशवीभर संत्री दिली, तरी नणंदबाई म्हणतातच, वहिनी, यंदा संत्राबर्फी राहिलीच!"

वहिनींनी तुरीच्या शेंगांचं सूप भिंतीवर टेकवलं. म्हणजे आता निदान अर्धा तास निश्चिंती. डिसेंबरात आमच्या गप्पांची वेळ उन्हावर ठरते. सकाळी धुकं असतं, हात पाण्यात घालवत नाही. ऊन भिंतीवर आलं की दोन्हीकडून सुपं येतात. मीही इकडून हात लावला. ओले सोले सोलायचे म्हणजे बोटं हिरवी होतात आणि तोंड मोकळं राहतं. गप्पा मारायला याहून सोयीचं काम नाही.

तर पाहुणे. पुण्याहून सहा जण आले होते. नणंद, तिचे मिस्टर, मुलगा-सून, आणि सुनेची बहीण नवऱ्यासकट. मुलगा हिंजवडीला. त्याचा क्लायंट अमेरिकेत. क्लायंट नाताळाला घरी गेला की इकडे आपोआप काम थंडावतं, आणि उरलेल्या रजा एकतीस डिसेंबरला बुडतात. मग साहेब म्हणतात, घेऊन टाका. वहिनींना हे अजून पटलेलं नाही. "तिकडे न्यूयॉर्कात कोणी टर्की कापून राहिला, म्हणून मी इथे सहा जणांच्या पोळ्या काहून लाटायच्या?"

मी म्हटलं, वहिनी, दोष क्लायंटचा नाही, वंदे भारतचा आहे. ऑगस्टात अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हा आपणच म्हणत होतो, झालं बाई, पुणं जवळ आलं. पुणं जवळ येतं तेव्हा ते एकटं येत नाही. त्यात आता समृद्धी महामार्गही मुंबईकडच्या टोकापर्यंत खुला. म्हणजे ज्यांना गाडीत बारा तास बसवत नाही, ते कार काढून येतात.

आणि येतात कशासाठी? आपल्याला भेटायला? छे! वाघाला. आपण वाटेतला मुक्काम. ताडोब्याला जायचं तर नागपुरात एक रात्र, पेंचला जायचं तर नागपुरात दोन रात्री. सफारीची बुकिंगं महिने-महिने आधी केलेली, आपल्याला फोन मात्र आदल्या आठवड्यात. यंदा तर गंमतच झाली. एकाने विचारलं, आम्ही पुढच्या मंगळवारी ताडोब्याला आलो तर? वहिनी म्हणाल्या, या की, मंगळवारी वाघाची साप्ताहिक सुटी असते, तो घरीच असतो. ताडोबा मंगळवारी बंद असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाघालासुद्धा आठवड्याची एक सुटी मंजूर आहे, आमच्या भाऊजींना नाही.

भाऊजींचा हा डिसेंबर ऐकण्यासारखा आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारी नोकरी म्हणजे सुट्यांचं आगर. शनिवार-रविवार बंद, वर्षाला आठ सीएल, तीस अर्जित रजा. कागदावर सगळं खरं. अर्जित रजा कोणी काढत नाही, ती तीनशेपर्यंत साठवून निवृत्तीला रोख करायची असते. उरल्या आठ सीएल. त्या पावसाळ्यात तापाला आणि मे महिन्यात लग्नांना जातात. भाऊजींनी मात्र चार जपून ठेवल्या होत्या, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी. आता नागपूरच्या सरकारी माणसाने डिसेंबरसाठी काही जपून ठेवावं का, हा खरा प्रश्न आहे.

दोन डिसेंबरला नगरपरिषदांचं मतदान. भाऊजी जिल्ह्यातल्या एका केंद्रावर, आदल्या रात्री शाळेच्या बाकावर झोपून. आठ तारखेला अधिवेशन सुरू. ते चौदाला संपलं, तोवर शनिवार-रविवार ही नावं कॅलेंडरातच राहिली. अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या भागात भाऊजी दिसतच नाहीत. रात्री अकराला मुंबईहून फोन येतो, अमुक तारांकित प्रश्नाचं उत्तर सकाळी साडेआठपर्यंत पाहिजे. प्रश्न कुठल्याशा तालुक्यातल्या बंधाऱ्याचा, फाईल गोदामात, गोदामाची किल्ली ज्याच्याकडे त्याची ड्युटी रविभवनला लागलेली. एका पत्रकार परिषदेच्या चहापायी एका लक्षवेधीचं उत्तर अडलं होतं म्हणे. खरंखोटं भाऊजी जाणोत.

पुढे एकवीसला मतमोजणी. ती मुळात तीन तारखेला व्हायची होती, पण इथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पुढे ढकलली. म्हणजे पेट्यांची चौकीदारी अडीच आठवडे. आणि पंधराला महापालिकांची निवडणूक जाहीर झालेलीच होती, तेवीसपासून तीसपर्यंत उमेदवारी अर्ज. नागपूर महापालिका त्यातच. आता सांगा, या माणसाने रजेचा अर्ज कोणत्या तोंडाने द्यायचा? तरी दिला. 'घरगुती कारणास्तव' असं लिहून दिला. साहेबांनी हातातही घेतला नाही. म्हणाले, ठेवा तिकडे, पाहू.

"यांच्यापेक्षा ते आमदार बरे," वहिनी म्हणाल्या. "आठवडाभर येतात, सावजी खातात, तर्रीपोहे खातात, मोर्चे पाहतात आणि जातात. बावीस साली तर अधिवेशन एकोणीस ते तीस डिसेंबर होतं. तेव्हा तर ह्यांचा नाताळ आमदार निवासाच्या दारातच गेला."

एवढ्यात वकीलकाका काठी टेकत आले. उच्च न्यायालयाला नाताळची सुटी लागली, की काका सकाळचं फिरणं दुपारी करतात आणि प्रत्येक फाटकाशी थांबतात. ते थांबले की विषय शंभर वर्षं मागे जातो. सवयीने त्यांनी आमच्या सुपातल्या चार शेंगा उचलल्या.

"वहिनी, तुमचे सहाच आले ना? वीस साली चौदा हजारांवर आले होते."

"कोण?"

"काँग्रेसवाले. नाताळच्याच सुटीत."

आणि मग काकांनी सांगितलं ते खरंच ऐकण्यासारखं होतं. काँग्रेसचं अधिवेशन सुरुवातीपासून डिसेंबरच्या शेवटी भरायचं. पहिलं मुंबईला, २८ डिसेंबर १८८५. कारण सरळ होतं. पुढारी म्हणजे बहुतेक वकील, आणि वकिलांना मोकळीक केव्हा, तर इंग्रजाचा सण आला की. कोर्टं बंद, कचेऱ्या बंद, मग या बाबा देशाचा विचार करायला. नागपुरात १८९१ सालीही भरलं होतं, पण गाजलं ते १९२० चं. सव्वीस ते एकतीस डिसेंबर. अध्यक्ष सेलमचे विजयराघवाचारियार, स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे जोसाया वेजवूड आणि बेन स्पूर हे खासदारही येऊन बसले होते. आपलं घर, आपला सण सोडून नाताळात नागपूर. आज ज्याला आपण काँग्रेसनगर म्हणतो, ते नाव त्याच मांडवामुळे पडलेलं.

"म्हणजे अजनी स्टेशनच्या बाजूचंच?" वहिनींनी विचारलं. "तेव्हापासूनच पाहुणे तिथे उतरून राहिले म्हणा नं!"

काकांना खरा रस पुढच्या भागात. तिथे असहकाराचा ठराव पक्का झाला. त्यात वकिलांनी वकिली सोडावी हे कलम. चित्तरंजन दास बंगालहून आले ते गांधीजींना विरोध करायच्या तयारीने. इथे मन पालटलं, ठराव त्यांनीच मांडला आणि परत जाऊन हजारोंची वकिली सोडली. जिनांनी उभं राहून विरोध केला, आरडाओरडा सोसला आणि नागपूर सोडलं, काँग्रेसही सोडली. "विचार करा," काका म्हणाले, "माणसं कोर्टाच्या सुटीत आली आणि कोर्टात परत जायचंच नाही असं ठरवून गेली. एवढी लांब सुटी कोणी घेतली आहे का?"

ते कौतुकाने हसले. स्वतः त्यांनी चाळीस वर्षांत एक तारीख सोडली नाही, हे आम्हाला माहीत होतं, पण बोललो नाही.

वहिनी मात्र शेंग सोलायची थांबल्या होत्या. "काका, एक सांगा. चौदा हजार माणसांच्या पोळ्या कोणी लाटल्या?"

काका म्हणाले, स्वागत समिती होती, स्वयंसेवक होते. डॉक्टर हेडगेवार, डॉक्टर परांजपे स्वयंसेवकांची व्यवस्था पाहत होते.

"व्यवस्था पाहत होते. लाटल्या कोणी?"

काकांनी आणखी दोन शेंगा उचलल्या आणि म्हणाले, ते कुठे वाचल्याचं आठवत नाही. मग काठी सरसावून पुढच्या फाटकाकडे निघाले. जाता-जाता सांगून गेले, की १९२९ ला लाहोरला ठरलं, डिसेंबराच्या थंडीत गरीब माणसाला अंगावर पुरेसं पांघरूण नसतं, तेव्हा पुढची अधिवेशनं उशिरा भरवायची. तिथून काँग्रेसचा नाताळ सुटला. पण नागपूरचा कुठे सुटला? मुंबईचं सरकार अजून येतंच आहे, १९५३ च्या नागपूर कराराचा शब्द पाळायला. थंडीचं म्हणाल तर, २०१८ च्या २९ डिसेंबरला इथे पारा साडेतीन अंशांवर आला होता. त्या पहाटेही कोणाचे तरी पुणेकर उघड्या जिप्सीत बसून वाघ शोधायला गेले असणार, पैज लावते मी.

मला विचाराल तर आमच्या गल्लीत नाताळची खरी सुटी एकाच घरी होते. मागच्या बोळातल्या सिस्टरताई. त्या इस्पितळात नर्स आहेत. त्यांची आणि वॉर्डातल्या बाकीच्या मुलींची जुनी बोली आहे. लक्ष्मीपूजनाची रात्र आणि भाऊबीज सिस्टरताई करतात, नाताळची पूर्वसंध्या आणि पंचवीस तारीख दुसऱ्या जणी सांभाळतात. अर्ज नाही, शेरा नाही, 'पाहू' नाही. भिंतीवरच्या ड्युटी चार्टवर पेन्सिलीने दोन नावं इकडची तिकडे होतात, झालं. यंदा एक नवीन मुलगी होती, तिला ही बोली माहीत नव्हती. तिने नाताळला माझीच रजा म्हणून हट्ट धरला. तर वॉर्डातल्या मावशींनी तिला बाजूला घेऊन विचारलं, दिवाळीला तू घरी होतीस, तेव्हा तुझ्या पेशंटला सलाईन कोणी लावलं? मुलगी गप्प. सिस्टरताई चोवीसच्या रात्री सदरला चर्चमध्ये होत्या, पंचवीसला दुपारी आमच्याकडे ताट घेऊन आल्या. करंज्या, चकल्या, शेव आणि मधोमध केक. त्यांच्या करंजीचं सारण आमच्यापेक्षा सरस असतं हे मी वहिनींसमोर बोलत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

"त्या ताटातल्या करंज्या पुणेकरांनीच संपवल्या," वहिनी म्हणाल्या. "मला एक तुकडा मिळाला."

"आणि भाऊजींच्या रजेचं काय झालं शेवटी?"

इथे वहिनी इतक्या हसल्या की सूप कलंडायचं राहिलं. चोवीसच्या संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. एकवीसचा रविवार मोजणीत गेला होता, त्याचा मान ठेवून सव्वीसची एक सीएल मंजूर केली. पंचवीस गुरुवार, सव्वीस रजा, मग शनिवार-रविवार. सलग चार दिवस! भाऊजी घरी आले ते शीळ घालत. घरात पाऊल टाकलं तर सोफ्यावर दोन पुणेकर, दिवाणावर दोन, न्हाणीघरात एक, आणि त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत नणंदेचे मिस्टर, पाय वर घेऊन, त्यांचाच पेपर वाचत.

शुक्रवारी पहाटे पाहुणे पेंचला निघाले, सिल्लारीच्या फाटकाला. भाऊजींना वाटलं, आपणही जाऊ. पण एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात, आणि ते सहाच होते. ते दुपारी येऊन जेवणार होते. वहिनींनी रात्रीच सांगून ठेवलं होतं, उद्या घरी आहात तर सकाळी सांबार निवडून द्या, गॅसचा सिलिंडर लावा आणि गच्चीवरच्या गाद्या खाली आणा.

"मग?"

"मग काय. साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा मागून ऑफिसात गेले! मंजूर झालेली रजा टाकून! म्हणे, उमेदवारी अर्जांची गर्दी आहे, साहेबांना एकटं कसं सोडायचं. अवो, अर्ज घ्यायचं काम ह्यांच्याकडे नाहीच."

"आणि सांबार?"

"मीच निवडलं. ती रजा तर बुडालीच, उरलेल्या तीनही परवा बुडतात."

मी कॅलेंडर पाहूनच आले होते, ते सांगून टाकलं. पुढच्या वर्षी पंचवीस डिसेंबर शुक्रवारी आहे. रजा न टाकता तीन दिवस जोडून मिळतात, साहेबांचं तोंड पाहायची गरज नाही.

वहिनींनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग तिकिटं आत्ताच काढायला सांगते ह्यांना. आपण जाऊ पुण्याला. नणंदेकडे. आदल्या आठवड्यात फोन करू, तोवर बोलायचं नाही कोणाला."

"आपण म्हणजे?"

"आम्ही दोघं, पोरगं, तुम्ही दोघं," वहिनी बोटांवर मोजू लागल्या. "सिस्टरताईंना नाही नेता येत, त्यांना चर्च असतं. वकीलकाकांना न्या. सहा पूर्ण झाले पाहिजेत."