चंद्र, लिंबू आणि कस्तुरी

चंद्राला वास येतो, आणि तो फटाक्यांचा. हे माझं मत नाही, तिथं जाऊन आलेल्यांचं आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावर हिंडून यानात परतले, हेल्मेटं काढली, तेव्हा पोशाखाला चिकटलेल्या धुळीला बंदुकीच्या जळक्या दारूचा वास होता. म्हणजे आपल्याकडचं नरकचतुर्दशीच्या पहाटेचं अंगण! श्मिट यांचं तर नाकच चोंदलं. माणूस ३,८४,००० किलोमीटर जातो आणि तिथे त्याला सर्दी होते, हे वाचून अंतराळ संशोधन मला पहिल्यांदाच आपलंसं वाटलं. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. पृथ्वीवर मात्र ती हुंगणाऱ्यांना हा वास येत नाही.

यातलं काहीच माझ्या भाच्यानं दिलेल्या सेंटच्या बाटलीवर नव्हतं. तिच्यावर चंद्रकोर होती आणि सोबतच्या कागदावर मध्यरात्र, गूढ, रेशीम वगैरे. जिथे हवाच नाही तिथे वास दरवळणार कसा, हा मुद्दा कागदानं शिताफीनं टाळला होता.

मनगटावर फवारा मारला. आलं ते लिंबू. नेमकं सांगायचं तर बर्गमॉट, इटलीतल्या कॅलाब्रियात पिकणारं लिंबाच्याच कुळातलं फळ. पण कुळाची चौकशी करण्याइतकं आमच्या घरातलं नाक शिकलेलं नाही.

“अहो, भांडी घासलीत?” सौ.च्या आवाजात आशा होती.

“मामा, थांब जरा. हे हळूहळू उलगडतं,” भाचा म्हणाला.

त्यामागे शास्त्र आहे. हलके रेणू आधी उडून जातात, मधले जरा रेंगाळतात, जड असतात ते हलायचं नावच घेत नाहीत. लग्नाला आलेल्या पाहुण्यांचं असतं तसंच.

थोड्या वेळानं लिंबू गेलं आणि जाई-मोगरा आले. चंद्राच्या नावावर पांढरी फुलंच का खपतात? रातराणी, निशिगंध ही मंडळी रात्री दरवळतात ती पतंगांसाठी. अंधारात लाल-जांभळ्याचा उपयोग नाही, म्हणून फिका रंग आणि दांडगा वास. थोडक्यात, आमंत्रण पतंगांना. आपण उगाच भारावतो.

तेवढ्यात आतून आईनं विचारलं, “गजरा कुणी आणला गं?” सौ.नं माझ्याकडे पाहिलं. गजरा तिच्यासाठी आणला नव्हता आणि दुसऱ्या कुणासाठीही आणला नव्हता, हे एका दमात पटवून देणं फार कठीण असतं.

संध्याकाळी कस्तुरी उरली. प्रयोगशाळेतली, हरणाला त्रास न देणारी; त्रास फक्त घरच्यांना. शर्ट धुतला, तर वास वाढला. कृत्रिम कस्तुरी कपडे धुण्याच्या पावडरीतही घालतात, हे नंतर कळलं.

तर लिंबू, मोगरा, कस्तुरी. यात चंद्राचं काय? काहीच नाही. चंद्र फक्त नाव लावायला. माल सगळा खालचा. पण बाटलीवाल्यांना हसायचं तरी कुठल्या तोंडानं? कोजागिरीला आपण गच्चीवर दूध आटवतो, वास केशर-वेलदोड्यांचा येतो आणि कौतुक चंद्राचं होतं. आमच्या चंद्रातही शेवटचा वास जड असतो, जायफळाचा. तो उलगडेपर्यंत निम्मी सोसायटी सतरंजीवर घोरत असते.