मेहुण्याच्या नावाची गाडी

कर्नाटकातल्या संतपुरात चारचाकी घ्यायची ठरली की आधी मायलेज नव्हे, सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या उदगीरला कोण पाहुणा आहे ते विचारतात. 8 लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकाचा आजीवन कर 14 टक्के, वर उपकर. महाराष्ट्रात 11 टक्के. सीमा ओलांडली की 24 हजार तरी वाचतात. मग गाडी मेहुण्याच्या नावावर, पासिंग महाराष्ट्राची आणि हप्ते दाजींचे.

दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथं नव्यानं नोंदवा, असं 1988 चा मोटार वाहन कायदा सांगतो. एरवी हे कलम कुणाला आठवत नाही. बिदरच्या रस्त्यावर आरटीओची जीप दिसली की सगळ्यांना तोंडपाठ! ‘आत्ताच आलो साहेब, उदगीरहून.’

शोरूमवाला यात खूश. कर वाचवल्याच्या आनंदात गिऱ्हाईक ‘हँडलिंग’चे पैसे मुकाट्यानं मोजतं, विमाही तो सांगेल तोच घेतं (तो बाहेरूनही काढता येतो, पण विचारतो कोण?) आणि फुकटच्या मॅटवर हरखून जातं. मेहुण्याचं तर विचारूच नका. लग्नसराईत गाडी त्याच्याच दारात, कागदोपत्री मालकच तो. टाकी भरून द्यायला दाजी आहेतच.