अमेरिकेचं पोट्टं

आमच्या गल्लीतली बातमी आधी काकूंच्या कंपाऊंडच्या भिंतीवर येते, मग जिची तिच्या घरी जाते. परवा धुणं वाळत घालता घालता पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, "आयकलं का काकू? कोपऱ्यावरच्या गुरुजींची सून अमेरिकेतलं पोट्टं दत्तक घेऊन राह्यली म्हणे."

"अवं माय! गोरं?"

"गोरं कायचं! तिच्या सख्ख्या बहिणीचं. बहीण न्यू जर्सीले राह्यते, तिले आता दुसरं झालं. हिचा पाळणा हलत नाई, तर म्हणते हे तू घे."

"मंग त्यात काय सांगाचं? माह्या माहेरी एकीनं दिराचं पोरगं मांडीवर घेतलं, भटजीनं होम केला, पंगत उठली, झालं दत्तक. कोर्टाची पायरी कोणं चढली नाई."

कोर्ट म्हटलं की बाबूंना राहवत नाही. आयुष्यभर इथल्या कोर्टात बेलिफ होते. निवृत्त झाले, तरी समन्स बजावायची सवय गेलेली नाही. पेपराची घडी काखेत मारून ते भिंतीशी आले.

"काकू, तुमच्या माहेरचं पोरगं यवतमाळ जिल्ह्यातलं होतं. हे जन्मलं अमेरिकेत, म्हणजे पहिल्या दिवसापासून तिथलं नागरिक. पुण्याच्या एका जोडप्यानं नेमकं असंच करून पाह्यलं. नात्यातलं पोरगं, 2019 चा जन्म, काही महिन्यांचं असतानाच इकडे आणलं, इथीच वाढोलं. 2025 च्या जुलैत मुंबई हायकोर्टानं सांगतलं, जमत नाई."

"आपल्या रक्ताचं असून?"

"असून. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि नीला गोखले, दोन्ही बायाच होत्या. त्या म्हणल्या, परदेशी नागरिक असलेलं पोरगं, त्याले ना निराधार म्हणता येत, ना ते कोणत्या गुन्ह्यात. मंग आपल्या बालन्याय कायद्यात त्याच्यासाठी कलमच नाई. असं मूल दत्तक घेणं हा काही मूलभूत हक्क नाई. आधी अमेरिकेच्या कायद्यानं तिथी दत्तक घ्या, मंग इथले कागद करून घेऊन या."

काकू गप्प झाल्या, म्हणजे त्यांना पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही. कायद्यानं निकाल चोख आहे, पण त्या पोराला उठल्यापासून झोपेपर्यंत दिसणारे आईबाप तेच. बाबूंना तसं म्हणालो, तर ते उसळले.

"साहेब, हे कागद उगाच नाई वाढले. पहिले पोट्टे इकून तिकडे जात. कोणाचं, कोणं नेलं, कितीत नेलं, पत्ता नसे. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलानं सुप्रीम कोर्टाले नुसती चिठ्ठी लिहिली, त्याचीच याचिका झाली. 1984 मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून देल्ले. आधी देशातलं घर पाहा, नाईच भेटलं तर परदेश. दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची 'कारा' त्याच्यानंतर आली, 1990 मध्ये. पुढं परदेशी दत्तकाबद्दल हेगचा करार झाला, 2003 मध्ये आपणही त्यात शिरलो. आता दोन्हीकडच्या सरकारचा शिक्का लागते."

"पण गेलेल्या पोरायचं भलं झालंच नाई का?" वहिनींचा मुलगा गॅलरीतून ओरडला. "लिसा स्थळेकर पुण्याची हाय!"

हे बाकी खरं. ससून हॉस्पिटलशी जोडलेल्या श्रीवत्स अनाथालयातली 1979 ची पोर. मुंबईचे स्थळेकर आणि त्यांची इंग्रज बायको तिला घेऊन गेले, फिरत फिरत सिडनीला पोचले. वन-डे क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी अशी जोडी जमवणारी ती पहिली बाई. 2013 चा वर्ल्डकप ऑस्ट्रेलियाकडून जिंकली, तोही मुंबईत, आणि लगेच निवृत्त झाली. आडनाव मराठी, जन्म पुण्याचा, टोपी ऑस्ट्रेलियाची. आपण टीव्हीपुढे टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हा आमच्या गल्लीत तेव्हाही न सुटलेला प्रश्न.

"एखादीच चमकते," बाबू म्हणाले. "2024-25 मध्ये 'कारा'मार्फत 4,515 मुलं दत्तक गेली, त्यातली 4,155 देशातच राह्यली. आता आपल्याच लोकायची रांग लागली हाय. तीन-साडेतीन वर्षं थांबा लागते. त्यात वयाची अट. दोन वर्षांच्या आतलं मूल पाह्यजे तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर नाई पाह्यजे."

एवढं ऐकल्यावर काकूंचा चेहरा खुलला. कायदा राहिला बाजूला, बोटं सुरू झाली. "गुरुजींचा पोरगा माह्या लहान्याच्या वर्गात होता, म्हणजे अडतीस. सून पस्तीसची असन. लग्नात वय दोन वर्षं कमी सांगतलं होतं तिच्या मायनं, मले सारं ठावं हाय. मंग सदतीस धरा."

तेवढ्यात गुरुजींच्या बाईच गिरणीतून दळण घेऊन आल्या. सगळे एकदम आभाळाकडे पाहू लागले. काकू मात्र थेट.

"काय वं, अमेरिकेतून पोट्टं घेऊन राह्यले म्हणे?"

"कोणं सांगतलं? सुनेची बहीण सुटीत येऊन राह्यली, दोन्ही लेकरं घेऊन. महिनाभर राहीन अन् जाईन वापस." बाईंनी डबा कमरेवर सावरला. "आमच्या पोरानं-सुनेनं इथल्याच पोरीसाठी नाव नोंदवलं. दीड वर्ष झालं. संस्थेच्या बाया घर पाहून गेल्या, फोटो काढून गेल्या, पगार इचारला. आता नंबर लागाची वाट."

वहिनी टोपलीत चिमटे मोजायला लागल्या. काकूंची बोटं थांबली नव्हती.

"म्हणजे अडतीस अन् सदतीस, पंच्याहत्तर. अजून दहा वर्षं हायेत, काई चिंता नाई."

"दोघायचं वय वाढते काकू, दहाचे पाचच," वहिनींचा मुलगा वरून म्हणाला.

"नोंदणीच्या दिवशीचं वय धरतात," बाबूंनी समन्स बजावलं.

"मंग नीट सांगत जा नं बाप्पा!" काकू त्यांच्यावरच घसरल्या, आणि बाईंना म्हणाल्या, "पोरगी आली की बारसं आपल्या अंगणात कराचं. तुमच्या अंगणात मांडव मावत नाई."