14 टक्क्यांचं बोट

4 मार्च उजाडला की चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सुरक्षिततेला भरतं येतं. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली याच तारखेला स्थापन झाली. अपघातांचं माहीत नाही, फ्लेक्सवाल्यांचं मात्र भलं झालं. घोषणा स्पर्धा, पोस्टर स्पर्धा, शेवटी उजवा हात पुढे करून सामुदायिक शपथ. ज्यांचा हात पुरता उरलेला नाही त्यांनी मागच्या रांगेत उभं राहावं, फोटो बिघडतो.

पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे तेव्हा हात डायमध्ये, साच्यात, असूच शकत नाहीत. शिवाय पुढे सेन्सर. काही आत गेलं की मशीन जागच्या जागी बंद. हे बनवणारा बिचारा भाबडा असणार. त्याला टार्गेट ठाऊक नव्हतं. दोन बटणांनी पीस कमी निघतात, म्हणून एका बटणाला चिकटपट्टी, नाहीतर सरळ पायाचं पेडल. सेन्सर सारखा मशीन थांबवतो, म्हणून तो ‘बायपास’. बायपास करायला मेंटेनन्सवाल्याला पाच मिनिटं पुरतात. पुन्हा जोडायला मात्र मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर यावा लागतो आणि तो काही येत नाही. अशा प्रेसवर रात्रपाळीला उभा असतो कालपर्यंत पॅकिंगला असलेला ठेकेदाराचा पोरगा, तोही डबल ड्युटीवर.

मग बोट जातं. चौकशी होते आणि कारण सापडतं: कामगाराचा निष्काळजीपणा. चिकटपट्टीचा जबाब कोणी घेत नाही. उपाय म्हणून प्रेसवर नवं स्टिकर येतं. पोराचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही त्याच दुपारी निघतं. कागदोपत्री तो सकाळीच भरती झालेला असतो. आणि लोक म्हणतात, आपल्याकडे कामं वेळेत होत नाहीत!

कायदा हिशेबाला चोख आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के घटली, हे मांडून ठेवलंय. अंगठा 30, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. पुढाऱ्यांना विचाराल तर तर्जनीइतकं मोलाचं बोट नाही, मतदानाची शाई तिलाच लागते. कायद्याच्या लेखी ती अंगठ्याच्या निम्मीही नाही. अर्थात अंगठ्याला भाव हवाच. गेटवरच्या हजेरीच्या मशीनला तोच लागतो.

अंगठा गमावलेला एखादा परत कामावर येतो तेव्हा मशीन त्याला ओळखत नाही. एचआरचे साहेब तत्परतेने तोडगा काढतात: ‘‘डाव्या हाताचा नोंदवू. तो तेवढा जप हां.’’