कॅप्टन कसले, खलाशी!

अहो वहिनी, कोकमं राहू देत घटकाभर, इकडे गडग्याशी या. मोहल्ल्यातल्या भाभींचे ते विलायतेला गेलेले पणजे सासरे, दादा हो! त्यांचा सगळा पत्ता लागला. भाभींचा पुतण्या तिकडे शिकायला आहे ना, त्याने खणून काढलं.

“आमचे दादा कॅप्टन होते” हे आपण प्रत्येक लग्नात ऐकलंय. कॅप्टन कसले! इंग्रजांच्या आगबोटीवर आपल्या माणसाची मजल सारंगापर्यंत. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, माणसंही तोच जमवायचा. पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि जेवणाच्या सलूनला गोव्याचे, अशी वाटणीच असे. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. इंग्रज या लोकांना लस्कर म्हणत. 1914 साली त्यांच्या व्यापारी जहाजांवर असे 51 हजारांवर लस्कर होते म्हणे. त्यातलेच एक आपले दादा.

लस्करांचा करारही वेगळा. काम संपलं की परत हिंदुस्थानच्या बंदरात आणून सोडायचं, विलायतेत राहू द्यायचं नाही. दादा मात्र लंडनच्या गोदीत उतरले ते उतरलेच. भाभी म्हणतात, “नशीब काढायला राहिले.” मी म्हणते, पळाले! आणि पळाले म्हणूनच सापडले, ही खरी गंमत. लस्करांच्या याद्या तिकडे फारशा उरलेल्याच नाहीत. पण तिथे राहून गोऱ्यांच्या करारावर बोट धरली, की नाव, वय, जन्मगाव, आधीची बोट सगळं वहीत चढायचं. 1915 सालच्या उरलेल्या याद्या तर नेटवर फुकट बघायला मिळतात. बाकी 1863 पासूनच्या वह्यांचा मोठा ढीग कुठे असेल? कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात! कुठली बोट, कुठलं बंदर, कुठे कागद.

फोटोसुद्धा मिळाला हो. 1918 ते 1921 मध्ये खलाशांची कार्डं केली होती, ती साउदॅम्प्टनच्या दप्तरखान्यात आहेत. पुढे उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण, मागे फोटो. पुतण्याने फोनवर पाठवला, मी दोनदा मोठा करून बघितला. कोटाचं वरचं बटण तुटलेलं, मिशा मात्र पिळून वर. ऐट कॅप्टनचीच!

पण त्या नावाची माणसं काय कमी? हे दादाच कशावरून? तर लग्नाच्या दाखल्यावरून. हो, लग्न! लंडनच्या पॉप्लर भागातल्या एका गोरीशी. इकडे पणजी मनिऑर्डरची वाट बघत बसलेली, आणि तिकडे हा थाट. इंग्रजांच्या लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव आणि धंदा लिहितात. धंदा शेती, आणि बापाचं नाव इथल्या जुन्या फेरफारात आहे तेच. आता बोला.

पुढे हालही झाले असणार. 1925 साली तिकडच्या सरकारने हुकूम काढला, काळ्या खलाशांनी ब्रिटिश प्रजा असल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर परके म्हणून पोलिसांत नाव नोंदवा. राजा तोच, प्रजा त्याचीच, पण बोटीवरून पळालेला माणूस कागद कुठून आणणार? तो हुकूम 1942 पर्यंत चालला.

भाभी दोन दिवस रुसल्या होत्या. कॅप्टनकी गेली, वर सवतीकडची पणतवंडं निघाली. आता त्यांनाच व्हिडिओ कॉल करायचाय, म्हणून मला विचारतात साडी कुठली नेसू.

बरं, तुमच्या सासऱ्यांचे काका बोटीवर होते ना? माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं डिस्चार्जचं पुस्तक असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. बोटींची नावं आणि तारखा त्यातच असतात, शोधायला सुरुवात तिथूनच करायची.